तिसऱ्या होललाच स्कोअरकार्ड फाडणाऱ्यांना गोल्फमध्ये परत आणणारा डॉक्टर

७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवतोय का? संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला लांब जाऊन रुतला आणि अख्खा देश नाचला, ते तर आठवत असणारच. पण त्याच दिवशी सकाळी आपल्यापैकी कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघत बसले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती. शेवटी ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं.

स्क्रीनवर दिसत होतं मायनस पंधरा, मायनस सोळा. कॉमेंटेटर बर्डी, बोगी, पार असं काहीबाही बोलत होते. आपल्याला एवढंच कळत होतं की इथं मायनस म्हणजे भारी. चार दिवसांनी तेही विसरून गेलो.

आता हा खेळ नीट समजून घ्यायचा असेल तर नियमांचं पुस्तक उघडायची गरज नाही. एका सर्जनची गोष्ट ऐकली तरी बरंचसं काम होतं. नाव फ्रँक बार्नी गॉर्टन स्टेबलफर्ड. जगभरातले क्लबात खेळणारे साधे गोल्फर दर शनिवार-रविवारी याचं नाव घेतात. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच जणांना हे एका माणसाचं आडनाव आहे हेही माहीत नसतं.

आधी कच्चा लिंबू समजून घ्या

लहानपणी गल्लीत खेळताना सगळ्यात बारका पोरगा कच्चा लिंबू असायचा. तो आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. कारण साधं होतं. त्याला खेळात तर घ्यायचंय, पण मोठ्यांचे नियम लावले तर तो दोन मिनिटांत रडत घरी जाणार.

गोल्फमधला हँडिकॅप म्हणजे हाच कच्चा लिंबू. फरक एवढाच की इथं प्रत्येकाला तो किती कच्चा आहे याचा आकडा मिळतो, आणि तो आकडा गणितानं काढलेला असतो.

गोल्फ कोर्सवर १८ होल असतात. एखादा तरबेज खेळाडू एक होल किती फटक्यांत संपवेल, त्या आकड्याला पार म्हणतात. तो तीन, चार किंवा पाच असतो. अठरा होलांची बेरीज साधारण ७२ होते. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. तुम्ही चांगल्या दिवशी ७२ च्या कोर्सवर ९० फटके घेत असाल तर तुमचा हँडिकॅप ढोबळमानानं १८. म्हणजे तुम्हाला १८ फटके माफ. माफी वजा केल्यावर उरतो तो नेट स्कोअर, आणि त्याच्या जोरावर तुम्ही तुमच्यापेक्षा दसपट चांगल्या माणसाशी बरोबरीनं खेळू शकता.

क्रिकेटमध्ये तुम्ही बुमराहसमोर उभे राहिलात तर सामना होत नाही, अपघात होतो. गोल्फमध्ये सामना होऊ शकतो. बाकी कुठल्या खेळात नवशिक्याची एवढी सोय केलेली मला तरी दिसली नाही.

आता डॉक्टरांकडे येऊ.

बागुलबुवा आणि तरुण सर्जन

स्टेबलफर्डचा जन्म १८७० चा, इंग्लंडमधल्या ओल्डबरी गावचा. शिकून सर्जन झाला आणि तरुणपणीच गोल्फच्या नादी लागला. वेल्समध्ये पेनार्थ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथल्या ग्लॅमॉर्गनशायर गोल्फ क्लबात तो खेळायचा.

तेव्हा गोल्फ खेळायच्या दोन मुख्य पद्धती होत्या, आणि आजही त्याच आहेत. पहिली मॅच प्ले. तुम्ही विरुद्ध मी, प्रत्येक होल म्हणजे स्वतंत्र लढाई. हा होल तुम्ही जिंकलात, पुढचा मी जिंकला. मी एका होलवर दहा फटके मारले काय नि सहा मारले काय, जाणार एकच होल. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथंच संपतो. म्हणून मॅच प्लेचा निकाल ३ आणि २ असा विचित्र दिसतो. त्याचा अर्थ तीन होलांची आघाडी आणि फक्त दोन होल बाकी.

दुसरी स्ट्रोक प्ले. यात सगळ्या फटक्यांची सरळ बेरीज, ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला. अदिती खेळत होती ती हीच. ऐकायला सगळ्यात सोपी आणि खेळायला सगळ्यात निर्दयी. कारण इथं मारलेला प्रत्येक फटका शेवटपर्यंत कार्डावर राहतो. सतरा होल झकास खेळलात आणि एका होलवर चेंडू वाळूत अडकून अकरा फटके गेले, तर तो अकराचा आकडा घेऊनच घरी जायचं.

त्यात १८९० च्या सुमारास तिसरी एक कल्पना आली. कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅम यांनी सुचवलं की प्रत्येक होलचा एक ठरावीक आकडा काढू आणि माणसाऐवजी त्या आकड्याशी मॅच खेळू. त्या काळी इंग्लंडमध्ये बोगीमॅनवरचं एक गाणं लोकांच्या तोंडी होतं. बोगीमॅन म्हणजे आपला बागुलबुवा. न दिसणारा आणि कधी न चुकणारा हा प्रतिस्पर्धी म्हणजे बागुलबुवाच, म्हणून त्या आकड्याचं नाव पडलं बोगी. पुढं लष्करातल्या गोल्फरांनी त्याला बढती देऊन कर्नल बोगी केलं. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' सिनेमात कैदी शीळ घालत चालतात ती धून आहे ना, तिचंही नाव कर्नल बोगी, आणि ते आलं या गोल्फवाल्या कर्नलवरूनच.

म्हणजे तेव्हा बोगी हा चांगला स्कोअर होता. नंतर चेंडू सुधारले, अमेरिकेत पार रुजलं आणि बिचाऱ्या कर्नलची घसरण होत होत बोगी म्हणजे पारपेक्षा एक जास्त असं झालं.

तर ३० सप्टेंबर १८९८ ला पेनार्थच्या क्लबात तरुण स्टेबलफर्डनं एक प्रयोग केला. बोगीशी खेळायचं, पण नुसतं हरलो-जिंकलो नाही, तर गुण मिळवायचे. बोगीपेक्षा एक फटका जास्त लागला तर १ गुण. बरोबरी झाली तर २. एक कमी लागला तर ३, दोन कमी लागले तर ४. शेवटी आपल्या हँडिकॅपचा एक तृतीयांश आकडा त्यात मिळवायचा.

कल्पना जबरदस्त होती, पण शेवटच्या वाक्यात घोळ होता.

हिशोब करून बघा. शून्य हँडिकॅपचा पट्टीचा खेळाडू अठराही होलांवर बोगीची बरोबरी करतो. त्याचे ३६ गुण. आता २४ हँडिकॅपचा माणूस घ्या. तोही आपल्या लायकीप्रमाणे अगदी ठरल्यासारखा खेळला, म्हणजे एकूण २४ फटके जास्त. समजा १२ होलांवर एकेक आणि ६ होलांवर दोन-दोन. बारा होलांचे १२ गुण आणि सहा होलांवर शून्य. त्यात २४ चा एक तृतीयांश म्हणजे ८ मिळवले तर झाले २०. दोघंही आपापल्या परीनं सारखंच खेळले, पण एकाला ३६ आणि दुसऱ्याला २०. कच्च्या लिंबाला खेळात घेतलं आणि हातात बॅटच दिली नाही, असा प्रकार.

प्रयोग तिथंच राहिला. डॉक्टरही पुढच्या कामाला लागले.

मधली ३३ वर्षं

हे पुढचं काम म्हणजे युद्ध. स्टेबलफर्डनं बोअर युद्धात लष्करी सर्जन म्हणून काम केलं, नंतर पहिल्या महायुद्धातही रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये होता आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला.

मधल्या काळात गोल्फही जोरात होतं. १९०७ मध्ये वेल्सच्या रॉयल पोर्थकॉल क्लबाची स्पर्धा त्यानं जिंकली आणि वेल्श अमॅच्युअर चॅम्पियनशिपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. तेव्हा त्याचा हँडिकॅप होता प्लस वन. हे प्लस प्रकरण नवीन माणसाला हमखास चकवतं. हँडिकॅप जितका कमी तितका खेळाडू चांगला, शून्य म्हणजे फारच चांगला, आणि त्याच्याही पलीकडे गेलात की प्लस लागतो. प्लस वनवाल्याला माफी सोडाच, उलट स्वतःच्या स्कोअरमध्ये एक फटका दंड म्हणून मिळवावा लागतो.

हे सांगायचं कारण म्हणजे ढिसाळ खेळणाऱ्यांची सोय ज्यानं केली, तो स्वतः ढिसाळ खेळाडू नव्हता. चालू पद्धतीत त्याचं छान चाललेलं होतं. त्याला काही बदलायची गरज नव्हती.

पुढं तो लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीपलीकडच्या वॉलसी क्लबात खेळायला लागला. हा क्लब १८९१ चा, मूळ कोर्स आखलेला ओल्ड टॉम मॉरिसनं. वाळूच्या टेकड्या, बाजूला समुद्र आणि तिथून येणारा वारा. हा वारा समोरून असला की भल्याभल्यांचा चेंडू हवेत थांबल्यासारखा खाली पडतो.

१९३० मध्ये याच वॉलसीला एक मोठा पाहुणा येऊन गेला, अमेरिकेचा बॉबी जोन्स. जवळच्या हॉयलेकला ओपन चॅम्पियनशिप होती आणि तिच्या पात्रता फेरीसाठी जोन्स वॉलसीत खेळला. क्लबाचे एक सभासद जे. ए. ए. बेरी चित्रकार होते, त्यांनी जोन्सचं पोर्ट्रेट काढलं. ते आजही क्लबात आहे.

जोन्सनं ती ओपन जिंकली, पण शेवटच्या फेरीत आठव्या होलवर जे घडलं ते आपल्या विषयासाठी जास्त कामाचं आहे. दोन झकास फटके मारून तो ग्रीनच्या अगदी जवळ पोचला होता. तिथून त्यानं पाच फटके घेतले. पाच पारच्या होलवर सात. जगातला सर्वोत्तम खेळाडू, आणि हातात आलेली स्पर्धा जाते की काय अशी वेळ. तो कसाबसा सावरला आणि दोन फटक्यांनी जिंकला. तो जोन्स होता म्हणून सावरला. स्ट्रोक प्लेमध्ये सोमवार ते शुक्रवार दवाखान्यात किंवा ऑफिसात घालवणाऱ्या माणसावर हीच वेळ आली तर तो काय करणार?

तो कार्ड फाडणार. आणि तेच होत होतं.

दुसऱ्या होलवरचा विचार

१९३१ च्या शेवटाकडची गोष्ट. साठी ओलांडलेला स्टेबलफर्ड वॉलसीच्या दुसऱ्या होलच्या फेअरवेवर सराव करत होता. तिथं त्याच्या डोक्यात आलं की स्पर्धेत खेळणाऱ्या कितीतरी लोकांना खेळाची मजा अशी मिळतच नाही. पहिल्या दोन-तीन होलांवर एखादा सत्यानाश होतो, लोक कार्ड फाडतात आणि स्पर्धा संपते. पुढचे पंधरा होल नुसते चालायचे नाहीतर सरळ क्लबहाउसचा बार गाठायचा. यावर काही करता येईल का, असा तो विचार करत राहिला.

वॉलसीच्या वाऱ्यात लांबलचक पार फोर होल दोन फटक्यांत गाठणं बऱ्याच सभासदांना जमत नसे. कधीकाळचा प्लस वन डॉक्टरही आता वयानं थकत चाललेला. तरुणपणी जे गणित म्हणून केलं, ते म्हातारपणी गरज म्हणून परत समोर आलं असावं, असा माझा अंदाज.

१६ मे १९३२ ला वॉलसी क्लबात स्टेबलफर्डच्या पद्धतीनं पहिली स्पर्धा झाली. पेनार्थचा प्रयोग विस्मरणात गेला होता, म्हणून बरीच वर्षं या पद्धतीचा जन्म वॉलसीचाच मानला गेला.

पुढं जी पद्धत रुजली आणि आज जगभर चालते, तिच्यात हँडिकॅपचा तो जुना घोळ सुटलेला आहे. माफीचे फटके शेवटी मिळवायचे नाहीत, प्रत्येक होलवर आधीच वाटून टाकायचे.

वाटायचे कसे, ते कार्डावरच छापलेलं असतं. प्रत्येक होलला स्ट्रोक इंडेक्स नावाचा १ ते १८ मधला नंबर असतो, ढोबळमानानं सगळ्यात अवघड होलला १ आणि सोप्याला १८. तुमचा हँडिकॅप १८ असेल तर प्रत्येक होलवर एक फटका माफ. १० असेल तर इंडेक्स १ ते १० च्या होलांवर एकेक. २४ असेल तर सगळीकडे एक आणि पहिल्या सहा अवघड होलांवर आणखी एक.

मग गुण मोजायचे. माफी वजा करून पारपेक्षा एक जास्त आला तर १ गुण, पार आला तर २, बर्डीला ३, ईगलला ४, त्याहून एक कमी म्हणजे अल्बॅट्रॉसला ५. आणि पारपेक्षा दोन किंवा कितीही जास्त असलं तर शून्य. ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

उदाहरण घ्या. हँडिकॅप २४, समोर चार पारचा होल, इंडेक्स ३. म्हणजे इथं दोन फटके माफ. तुम्ही सात मारले. नेट पाच, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, १ गुण. आठ मारले असते तर नेट सहा आणि शून्य. पण नऊ मारले तरी शून्यच, आणि चौदा मारले तरी शून्यच.

सगळी जादू या शून्यात आहे. शून्याच्या खाली काही नाही. सातव्या फटक्यानंतर चेंडू होलमध्ये गेला नाही तर मारत बसायची गरजच नाही, उचलायचा आणि खिशात टाकायचा. झालेलं नुकसान त्या एका होलपुरतं. पुढच्या होलवर तुम्ही पुन्हा माणसात.

मघाचा २४ वाला गडी इथं आणा. तो ठरल्यासारखा खेळला तर प्रत्येक होलवर नेट पार, दोन गुण, अठरा होलांचे ३६. पट्टीच्या खेळाडूचेही ३६. दोघं बरोबरीत. म्हणून क्लबात कुणी ३६ गुण झाले म्हणालं तर समजायचं गडी हँडिकॅपप्रमाणे खेळला. ३० म्हणालं तर दिवस जरा वाईट. आणि कुणी ४५ म्हणालं तर अभिनंदन करा, पण त्याच्या हँडिकॅपकडे सगळे संशयानं बघणार हेही गृहीत धरा. बक्षीस मिळावं म्हणून मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवून ठेवणारे प्रत्येक क्लबात एक-दोन असतात, असं म्हणतात.

डॉक्टर गेले, शून्य राहिला

ही पद्धत ब्रिटनच्या क्लबांतून ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरली. आपल्याकडच्या क्लबांतही ती सर्रास चालते. तिचा एक फायदा क्लब चालवणाऱ्यांना लगेच कळला. लोक चेंडू उचलायला लागले की खेळ पटापट पुढं सरकतो आणि मागं रांग लागत नाही. १९५९ मध्ये स्टेबलफर्ड वारले. वॉलसी क्लबात त्यांच्या नावानं हौशी खेळाडूंची स्पर्धा खेळली जाते.

अमेरिकन व्यावसायिकांनी ही कल्पना उचलली, पण तिचा जीवच बदलून टाकला. कोलोरॅडोतल्या द इंटरनॅशनल स्पर्धेत १९८६ पासून सुधारित स्टेबलफर्ड आलं. बर्डीला २, ईगलला ५, अल्बॅट्रॉसला ८, पारला शून्य, बोगीला वजा १ आणि त्याहून वाईट असेल तर वजा ३. हेतू असा की खेळाडूंनी जोखीम घ्यावी आणि टीव्हीवर मजा यावी. बघायला भारी आहे, पण कच्च्या लिंबाचा यात काही संबंध नाही. मला विचाराल तर वजा गुण आले की ते डॉक्टरांचं राहत नाही.

डॉक्टरांचं खरं काय राहिलं ते २०२० मध्ये आलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये दिसतं. त्याआधी वेगवेगळ्या देशांत हँडिकॅप काढायच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी मिळून त्यांची एकच केली. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी, हा तुमचा हँडिकॅप इंडेक्स. कमाल मर्यादा ५४, बायका-पुरुष दोघांनाही. तुम्ही नवीन असाल तर ५४ होल खेळून, म्हणजे अठरा-अठराच्या तीन फेऱ्या टाकून, पहिला इंडेक्स मिळतो.

कोर्स बदलला की माफी बदलते. इंडेक्सला त्या कोर्सच्या स्लोप रेटिंगनं गुणायचं, ११३ नं भागायचं, मग कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक त्यात धरायचा. तुमचा इंडेक्स २० आहे, कोर्सचा स्लोप १३०, रेटिंग ७१ आणि पार ७२. वीस गुणिले १३० भागिले ११३ म्हणजे २३, त्यातून १ वजा. त्या कोर्सवर तुम्हाला २२ फटके माफ. हे सगळं ॲप करतं, पण आकडा कुठून आला हे माहीत असलेलं बरं.

आता हा इंडेक्स काढताना एका होलवरच्या अकरा-बारा फटक्यांचं काय करायचं? ते धरले तर एका सत्यानाशामुळं इंडेक्स उगाच फुगणार. म्हणून नियम आहे नेट डबल बोगीचा. पार अधिक दोन, अधिक त्या होलवरची तुमची माफी, यापुढचे फटके हिशोबात धरतच नाहीत. चार पारचा होल आणि दोन माफ असतील तर मर्यादा आठ.

वरच्या उदाहरणात गुण शून्यावर आले ते कितव्या फटक्याला, आठवतंय? आठव्याच. ज्या जागी चेंडू उचलून खिशात टाका असं डॉक्टरांची पद्धत सांगते, बरोबर त्याच जागी आजची हँडिकॅप पद्धत मोजणं थांबवते. म्हणजे तुम्ही स्ट्रोक प्ले खेळा नाहीतर मॅच प्ले, हँडिकॅप निघताना तिथं स्टेबलफर्डचा शून्य आहेच.

तर कधी गोल्फ खेळायची वेळ आली आणि कार्ड हातात पडलं, तर आधी स्ट्रोक इंडेक्सची ओळ शोधा आणि आपले माफीचे फटके टिंब देऊन मांडून ठेवा. नेट डबल बोगी झाली की चेंडू उचला, कार्डावर शून्य लिहा आणि पुढच्या टीकडे चालू लागा. मागची मंडळी खोळंबलीयत.